तत्त्वज्ञानाचा हजेरीपट

"काय सर, मजेत ना?" असं विचारलं की ते आधी चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे, पुन्हा डोळ्यांवर चढवायचे आणि म्हणायचे, "अजून सांगता येत नाई, बाई."

दर वेळी हेच. आधी मला वाटलं माणूस आजारी आहे, मग वाटलं शिष्ट आहे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच, ज्याला साधं 'बरं आहे' म्हणताना जड जातं. एक दिवस मी वैतागून विचारलं, "सांगता काऊन येत नाई सर?" तर खुर्ची ओढून बसलेच. म्हणाले, जुने ग्रीक लोक मानायचे की माणूस सुखी आहे की नाही हे मधेच ठरवू नये, सगळं आयुष्य पुरं झालं की मग बघावं. "आणि मी तर आत्ता बसमधून उतरून राह्यलो." मी माझ्या टपालाकडे वळले.

गडचिरोलीच्या आमच्या कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवायचे, तासिका तत्त्वावर. तास झाला तर मानधन, नाही झाला तर नाही. मी तिथेच लिपिक. सर रोज आरमोरीकडून एसटीने यायचे, खांद्याला कापडी पिशवी. बाप शेतमजूर. घरी सकाळ-संध्याकाळ बुद्धवंदना आणि या माणसाच्या डोक्यात ग्रीस. नातेवाईक म्हणायचे, "अरे, आपला बुद्ध असताना तू कोणत्या गावच्या लोकायचं शिकवून राह्यला?" ते हसायचे. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे म्हणायचे, माणसानं जगावं कसं.

ग्रीकांकडे चांगल्या जगण्याला एक लांबलचक शब्द होता. पुस्तकात त्याचं भाषांतर 'सुख'. सरांना ते पटायचं नाही. सुख काय, पंख्याखाली बसलं तरी होते, असं म्हणायचे. आमच्या झाडीपट्टीत नीट झालं, मनासारखं झालं, पोट भरलं, या सगळ्याला एकच शब्द आहे: बेस. सरांनी वर्गात तोच लावला. पोरांना चटकन कळलं आणि परीक्षेत सगळ्यांनी एकजात लिहिलं, 'ग्रीकांच्या मते जीवनाचे ध्येय म्हणजे बेस असणे.' पेपर तपासणारे बाहेरचे. एका पोराने उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली, त्यात लाल शाईने समासात लिहिलेलं, 'कशाचा बेस?' आणि खाली भोपळा. सर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. पण चार पोरं नापास झाली होती. चारही जणांच्या घरी जाऊन, चूक माझी हाय, असं सांगून आले. असं कोण करतं हो?

वर्गाबाहेरून जाताना त्यांचा आवाज ऐकू यायचा. "धानाचा रोवणा करून करूनच हात बसते का नाई? पहिल्या दिवशी कोणाले येते? चांगुलपणाचंही तसंच हाय. खरं बोलून बोलून हात बसते." मग जरा थांबून, "खोट्याचाही बसते." मला तेव्हा ते वाक्य गमतीचं वाटलं होतं.

पोरं कमी होत गेली. तत्त्वज्ञान शिकून पोलीस भरतीत काय उपयोग, असं कोणीही विचारेल. शेवटी नियमाने येणारी एकच उरली. चैती, एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावची माडिया मुलगी, मुलींच्या वसतिगृहात राहायची. बोलायची कमी, पण सरांचा तास तिने कधी बुडवला नाही. तिच्या गावातून बी.ए. होणारी ती पहिली असती. तिला आश्रमशाळेत शिकवायचं होतं.

ती शेवटच्या वर्षाला असताना विद्यापीठाचं पत्र आलं. समिती येणार, ज्या विषयाला पोरं नाहीत तो विषय बंद होणार. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, तत्त्वज्ञानाचा चौदा नावांचा हजेरीपट तयार करा आणि सरांची सही घ्या. मी केला. जुने हजेरीपट काढले आणि मिळतील ती नावं उतरवली. पहिल्या वर्षाच्या पटात चैतीच्या वर तिच्याच गावच्या सोमीचं नाव होतं. पुढे ती दिसली नव्हती. सोडून गेली असेल, पोरी जातातच, असं म्हणून मी तेही लिहिलं. लागोपाठ दोघी.

सरांनी पट पाहिला. "हे पोरं कुठी हायेत, बाई?"

"कागदावर."

"मले नाई जमणार."

मी घाईत होते आणि मला रागही आला. मी म्हटलं, "तुमचं जमणं नका पाहू. विषय बंद झाला तर चैतीले दुसरा विषय घेऊन पयल्यापासून बसा लागेल. घरचे थांबतीन का तिच्यासाठी? सारेच सह्या करतात."

मग प्रत्येक महिन्याच्या खाली एक, अशा सगळ्या सह्या त्यांनी केल्या. एकही घाईत नाही. मीच करवून घेतल्या त्या. हे लपवून पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

समिती आली त्या दिवशी इतिहासाची पोरं आणून वर्गात बसवली. कोणी कोणत्या नावाला हात वर करायचा ते मी पढवून ठेवलं. मुली कमी पडल्या, सोमीच्या नावाला कोणी मिळालं नाही. एक गैरहजर चालेल, असा मी विचार केला. चैतीला मी काही सांगितलंच नाही. तिला काय, स्वतःच्याच नावाला उठायचं.

समितीतल्या बाईंनी नावं वाचायला घेतली. हजर, हजर, सगळं सुरळीत. मग त्यांनी सोमीचं नाव वाचलं. वर्ग शांत. बाईंनी मान वर करून पुन्हा वाचलं आणि सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. तेव्हा चैती उठली आणि म्हणाली, "हजर."

पुढचं नाव चैतीचं. आता ती कशी उठणार? बाईंनी दोनदा पुकारलं, कोणी बोललं नाही. त्या वर्गात तत्त्वज्ञान शिकणारं एकच माणूस होतं, त्याच्यापुढे गैरहजर लागलं.

समिती गेल्यावर सरांनी तिला व्हरांड्यात विचारलं, "काऊन केलं?"

ती म्हणाली, "तुमची सही होती, सर."

सोमी दोन वर्षांपूर्वी पावसात, गावी असताना तापाने गेली होती. नदीला पूर होता, दवाखान्यात नेता आलं नाही. वसतिगृहात दोघी एकाच खोलीत राहायच्या. हे मला त्या दिवशी व्हरांड्यात चैतीच्या तोंडून कळलं, मेलेल्या पोरीचं नाव माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून झाल्यावर. मला चैतीकडे पाहवलं नाही.

विषय त्या वर्षापुरता वाचला. प्राचार्यांनी पेढे मागवले. सर तास घ्यायला जायचे, पण बोलायचे नाहीत. चैती टिपणं वाचायची, ते खिडकीबाहेर बघायचे. मी एकदा सवयीने विचारलं, "काय सर, मजेत ना?" ते म्हणाले, "मजेत." चष्मा पुसला नाही, काही नाही. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

मार्चमध्ये चैती गावी गेली ती आलीच नाही. परीक्षा जवळ आली तसे सर दोन बसा बदलून, पुढे चालत तिच्या गावी गेले. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली? ते म्हणाले, "पाणी देल्लं. जेवाले घातलं. सोमीची माय बाजूलेच बसली होती." एवढंच. ज्या मायच्या मेलेल्या लेकीच्या नावाला ती हजर म्हणाली, तिच्यापुढून उठून पेपरला कशी निघणार? ती येणार का, हे मी विचारलं नाही.

पेपरच्या दिवशी सरांनी तिचं हॉलतिकीट माझ्याकडून मागून घेतलं आणि ते परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर बसले. तीन तास. शिपायाने चहा नेला, तसाच राहिला. मी दोनदा जाऊन पाहून आले. जिन्यावर पाऊल वाजलं की ते मान वर करायचे.

शेवटची घंटा झाली, पोरं पांगली. ते माझ्या टेबलापाशी आले, हॉलतिकीट ठेवलं. गैरहजरांची यादी माझ्यासमोरच होती. माझ्या मनात काय आलं होतं ते त्यांना दिसलं असावं.

"हिले हजर नका लिहू, बाई," ते म्हणाले.

मग पिशवी खांद्याला लावून बसस्टँडकडे गेले. पुन्हा कॉलेजात आले नाहीत. त्यांचा फोन लागत नाही, आणि विषयही आता बंद झालाय.

त्या दिवशी मी पेन उचललं आणि चैतीच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. तत्त्वज्ञानाच्या कागदांवर त्या वर्षी मी लिहिलेलं तेवढंच खरं होतं.