सरकमामाचा नदीकाठ

सरकमामाचा आवाज मोठा नव्हता, तरी त्याने एकदा 'सरका' म्हटलं की पूस नदीच्या काठावरचा अख्खा बाजार हलायचा. मेथीवाली टोपली उचलायची, कांदेवाला पोतं ओढायचा आणि गच्च भरलेल्या ओळीत एका बाईपुरती जागा निघायची. मामाकडे ना पट्टा होता ना हुद्दा. मी यादी हातात धरून, ठरल्या वेळात बाजार उरकणारी. पण हे बघायला दर आठवड्याला थांबत असे.

पुसदचा आमचा बाजार तेव्हा वाळूत भरायचा. सकाळी मामा काठीने रेघा ओढून माणसं बसवायचा. त्याची मजुरी म्हणजे उठताना प्रत्येकीने त्याच्या दुपट्ट्यात टाकलेली मूठभर भाजी. त्याचा नियम एकच. नवी आलेली बाई पहिल्या बाजारी घाटाच्या पायरीपाशी बसणार. गिऱ्हाईक तिथेच उतरायचं, म्हणून ती जागा सगळ्यांना हवी असायची. जुन्या बाया कुरकुरल्या की मामा म्हणायचा, "तू आलती तवा तुले कोनं बसोलं होतं पायरीपाशी? तवा गोड लागलं ना?"

कापसाने दगा दिला त्या वर्षांत नव्या बाया फार आल्या. ज्या घरांतून पूर्वी कापसाच्या गाड्या निघायच्या, तिथल्या सुना बांधावरची वांगी, अंबाडी घेऊन जीपने यायच्या. भाव सांगताना मान खाली. मामा त्यांना गाव कोणतं, एवढंही विचारायचा नाही. "इचारलं का बाई रडते," तो मला म्हणाला, "अन् रडत्या बाईजवळ गिऱ्हाईक थांबत नाही." मी म्हटलं, मामा, एक दिवस जागा संपेल. "जागा कायले संपते ताई? मांडी आवरली का निंघते."

मग काठ सुधारायचं ठरलं. फरशा, कठडे, बाकं, दिवे. काठ देखणा झाला हे मान्य. संध्याकाळी मीही तिथे फिरते. नदीकडे पाठ करून उभ्या असलेल्या घरांनी तिकडे दुकानांची दारं काढली, भाडी वाढली, आइस्क्रीमच्या गाड्या लागल्या. बाजार मात्र गावाबाहेरच्या मैदानावर गेला. तिथे सिमेंटचे ओटे बांधले, नंबर घातले आणि बाजारकराच्या जुन्या पावत्या बघून वाटले. नव्या बायांकडे पावत्या नव्हत्या. त्यांनी कुठे बसायचं ते कोणी ठरवलंच नाही, आणि सिमेंटवर काठीने रेघ उमटत नाही.

तिथल्या पहिल्याच बाजारी एक नवी सून टोपली कमरेवर घेऊन फाटकापाशी उभी होती. फाटकाजवळचा ओटा मिरची-लसूणवाल्या कमळाबाईचा. जिभेला धार. मामा तिच्यासमोर गेला.

"कमळे, सरक."

"काहून? नंबर पडला हाय माहा. आता तुहा बाजार नाही हा."

"नाही ना," मामा म्हणाला आणि ओट्यापुढे भर उन्हात मांडी घालून बसला.

गिऱ्हाईक त्याला वळसा घालून जाऊ लागलं. कमळाबाईने थोडा वेळ निवडलेला लसूण पुन्हा निवडला.

"उठ ना बुढ्या. ऊन लागून मेला त इथं गर्दी होईन, अन् एक जन मिरची घेनार नाही."

"तू सरक. मी उठतो."

तिने शिव्या देत देत पोतं ओढलं. सून ओट्याच्या कडेला टेकली. मग मामा उठला आणि ओळीने निघाला. तो एकेका ओट्यापाशी थांबायचा, बोलायचा जेमतेम, आणि नंबर घातलेल्या त्या सिमेंटवर एकीच्या दोघी होत गेल्या. साहेबलोकांचे हुकूम मी पुष्कळ पाहिले. असा पाळला गेलेला एकही नाही.

परतताना तो त्या सुनेपाशी थांबला. "वांगे कसे देल्ले?"

तिने वांगी तशीच पुढे केली. "घे घे," कमळाबाई म्हणाली, "तुहा मानच हाय तो."

"तो तिकडं, नदीवर." मामाने खिशात हात घातला. "इथं मी गिऱ्हाईक. तोल वो माय."

भाजी विकत घ्यायची त्याला सवयच नव्हती. थैली आणलेली नव्हती, घासाघीस जमली नाही. बोहणी म्हणून सुनेने नोट कपाळाला लावली, तेव्हा तो दुसरीकडे बघत होता. दुपट्ट्यात वांगी बांधून तो फाटकाबाहेर पडला.

पुढच्या बाजारी मी त्याला शोधलं.

"दारव्ह्याले गेला, लेकीकडं. आता तिथंच राह्यते," कमळाबाई म्हणाली. "जाताना मले म्हने, फाटकापाशी तू पाह्यजो."

माझ्या मागे टोपली घेतलेली कोणी अनोळखी बाई उभी होती. कमळाबाईने मिरचीचं पोतं जवळ ओढलं आणि मला म्हणाली, "तुमी जरा बाजूले व्हा ताई, तिले येऊ द्या."