मेन पाडायचा नाही

मळवलीच्या आमच्या बंगल्यात पाहुणे उतरले होते आणि नेमकी वाऱ्याने खांबाकडून घरात येणारी वायर तुटली. सासऱ्यांनी जनरेटर लावला. लावायची तऱ्हा त्यांची नेहमीचीच: दोन्ही टोकांना पिना असलेली वायर, एक पीन जनरेटरला, दुसरी स्वयंपाकघरातल्या प्लगला. मेन स्विच मात्र ते कुणाला पाडू देत नसत. मेन पाडला तर बाहेरची लाईट आलेली कळत नाही. चालू ठेवला तर लाईट आल्याबरोबर जनरेटर गुरगुरतो, असं त्यांचं म्हणणं. किती वेळा सांगितलं, ऐकतील तर शपथ.

मी पाहुण्यांसाठी भजी तळत होते. खिडकीतून पाहिलं, तर वायरमन खांबावर चढलेला. डीपीचा फ्यूज काढून, खांबावरची लाईन बंद करून आलेला, म्हणून निर्धास्त. तुटलेल्या वायरचं टोक आंब्याच्या फांदीत अडकलं होतं आणि ते धरायला त्याने उघडा हात लांब केला. वायरचं दुसरं टोक आमच्या घरात होतं, मेन चालू होता, आणि धडधडणाऱ्या जनरेटरची वीज उलटी त्याच वायरीत जात होती.

मी ओरडले. त्या आवाजात माझं कोण ऐकतंय! झारा टाकून धावले, मेन खाडकन पाडला आणि दारात येऊन वर पाहिलं. वायर त्याच्या मुठीत होती. तो शीळ घालत होता.

मागून सासरे आले. “मेन का पाडलास? आता लाईट आल्याली कळंल कशी?”

“त्यो माणूस जित्ता खाली उतरू द्या आबा,” मी म्हटलं. “त्योच सांगंल.”