निवळ पाण्याचा पूर

पाणी कमरेला लागलं तेव्हा माझ्या धाकट्या जावेनं, सिंधूनं, देवाचं नाव घ्यायचं सोडलं आणि मला बोल लावायला घेतलं. "आज मरसूत ते तुनामुये मरसूत, अक्का."

खोटं नव्हतं. द्वारकेच्या किनाऱ्यापासून जरा आत समुद्रात, खडकावर महादेवाचं लहानसं देऊळ आहे. सकाळी तिथवरची दगडी वाट कोरडी होती, शेवाळाचा नि मासळीचा वास उन्हात तापत होता. दर्शन झाल्यावर मीच देवळामागच्या सावलीत भाकरी-ठेच्याचं गाठोडं सोडून बसले. सिंधू दोनदा म्हणाली, "पानी वाढी राह्यनं." मी म्हणाले, "ढग नही, पानी निवळ शे, पूर कथाईन ई?" आमचं आयुष्य देवपुरात गेलं. तिथल्या पांझरा नदीला पूर येतो तो आधी गढूळ होतो, काटक्या आणतो, मातीचा वास पुढे धाडतो. हे पाणी मात्र काचेसारखं, आवाज न करता वर चढणारं. वाटेच्या तोंडाशी भरतीच्या वेळा सांगणारी पाटीही होती. तिच्यावर मी येताना स्नानाचं ओलं लुगडं वाळत घातलं होतं.

आदल्या दिवशी वाटाड्या सांगत होता, हे शहर कितीदा बुडालं नि कितीदा त्याच जागी वसलं. मी मनात म्हटलं होतं, या माणसांना शहाणपण कधी येणार.

आता परतताना अर्ध्या वाटेवर कमरेएवढं पाणी; मी एकटी असते तर किनारा गाठला असता. सिंधूचे दोन्ही गुडघे गेलेले. पदराला पदर बांधला. इतकी वर्षं एका चुलीपाशी काढली, गाठ पहिल्यांदाच मारली. तेवढ्यात देवळातून पुजारी ओरडला, "माजी, पाछा आवो." देवळाकडे माघारी वळलो. त्यानं हात देऊन वर घेतलं.

मग दुपारभर पायरीवर ओल्यानं बसलो, चारी बाजूंनी समुद्र. सिंधू पदर पिळत बसली. पिळून झाल्यावर म्हणाली, "ठेचा उरना का?"

ऊन कलल्यावर वाट एकेक दगड करून परत वर आली, पाणी तसंच निवळ. गढूळ होऊन येतं तेवढ्यालाच मी जन्मभर पूर मानलं. सिंधू घरात गप्प असायची, तिच्या मनाला काही लागत नाही असं धरून चालले.

लुगडं गेलं, पाटी जागेवर होती. त्या पाण्यातून दोघी परत आलो: पाटी वाचता येणारी, चौथी शिकलेली मी, आणि जिनं दोनदा सांगितलं होतं ती सिंधू.