आमच्या गल्लीचा मॉडर्न बडग्या

मी चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलीला असतो तेवढा माज मला होता. वर्षभर आम्ही मडकी काढत होतो. एक मडकं, दोन मडकी, मडक्यामागे पडदा, मडक्याशेजारी कांदा. आमचे सर कांद्याच्या सालीवर तासभर बोलत, आणि बोलून झालं की तो कांदा घरी घेऊन जात, असा आमचा संशय होता.

एक दिवस नागपुरात बर्डीवरच्या वाचनालयात मला एक जुनं परदेशी मासिक सापडलं. त्यात एका बाईचं चित्र होतं. बाईचे दोन्ही डोळे नाकाच्या एकाच बाजूला होते आणि नाक कानाच्या दिशेनं निघालं होतं. मी ते पान उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं. आधी हसू आलं, आणि मग ते चित्र डोक्यातून जाईना. कुणाची परवानगी न घेता असंही काढता येतं, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

घरी येऊन मी आईचं तसं चित्र काढलं. आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि ते चित्र नीट पाहिलं.

"मले असं काहून काढलं वं?" ती म्हणाली. "मी काय कुठं पडली होती?"

बाबा एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि संध्याकाळचा सगळा वेळ पेपरामागे असत. त्यांनी पेपर बाजूला करून चित्र पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तुझे दोन्ही डोळे माझ्याच बाजूला असतात."

दुसऱ्या दिवशी आईनं ते चित्र लोणच्याच्या बरणीवर घालून सुतळीनं बांधून टाकलं. कागद जाड होता, तिला आवडला. माझं पहिलं प्रदर्शन असं लोणच्यावर भरलं.

आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो. ती मिलोची वर्षं होती. पाऊस दगा देऊन गेलेला, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणत. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना तुटायची नाही. रेशनच्या तांदळात खडे इतके असत की आई म्हणायची, हे खडेच निवडून घ्यावे आणि तांदूळ फेकावे, काम लवकर होईल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी मारबत आणि पिवळी मारबत, दोन मोठ्या पुतळ्या, आणि त्यांच्या मागेपुढे गल्लोगल्लीचे बडगे. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना जे काही छळत असेल त्याचा पुतळा. बांबूचा सांगाडा, गोणपाट, कागद, रंग. वाजतगाजत गावभर फिरवायचा, वाटेत त्याला पोटभर शिव्या द्यायच्या आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळायचा. वर्षातून एकदा मोठ्या माणसांना रस्त्यात उभं राहून ओरडायची मुभा मिळते, म्हणून सगळे वाट पाहतात.

आमच्या गल्लीच्या बडग्याचे पुढारी होते समोरचे बँडमास्तर. त्यांचा लग्नात वाजवायचा बँड होता. ते स्वतः क्लॅरिनेट वाजवत आणि रोज सकाळी आपल्या ओट्यावर बसून गल्लीला उठवत. बँड त्यांचा असल्यामुळे पुढारीपण त्यांचंच, यावर कोणाचा वाद नव्हता. एक दिवस ते आमच्याकडे आले. आजवर बडग्याचं तोंड करून देणारा पेंटर कोळशाच्या खाणीत नोकरी लागून सावनेरकडे निघून गेला होता.

"पोरी, यंदा तोंड तू करून दे."

"कोणाचं?"

"साठेबाजाचं."

"म्हणजे रेशनवाल्याचं?"

त्यांनी मागे वळून दार पाहिलं. "हळू बोल वं. त्यानंच बांबू देल्ले आपल्याले. सुतळी बी त्याचीच. तोंड त्याच्यासारखं दिसाले नको. पण लोकायले साठेबाज वाटला पायजे."

"मग कोणासारखं दिसू दे?"

"कोणासारखंच नाई."

इतकं मनासारखं काम मला त्यानंतर कधी मिळालं नाही. मी लगेच हो म्हटलं.

आमच्या अंगणात काम सुरू झालं. गल्लीतल्या तरुणांनी बांबू चिरून धड बांधलं, त्यावर गोणपाट शिवलं. तोंडासाठी मी मोठी टोपली उलटी घातली आणि तिच्यावर रद्दीचे थर चिकटवायला लागले. खळ करायला गव्हाचं पीठ देणं आईला शक्यच नव्हतं. तिनं मिलोचं पीठ पुढे केलं. मिलोची खळ अशी बसली की टोपलीवर हातोडी मारली असती तरी हातोडीच फुटली असती. आई म्हणाली, "पोटात जाऊन हे असंच बसते."

डोळे मी दोन्ही एका बाजूला केले, एक वर, एक खाली. नाक कानाकडे वळवलं. तोंड हनुवटीवर न ठेवता गालावर घेतलं आणि फुटक्या कपबशांचे तुकडे त्यात दात म्हणून बसवले. अर्धा चेहरा निळा, अर्धा पिवळा. बँडमास्तरांनी आपल्या एका जुन्या कोटाच्या खांद्यांवरची सोनेरी झालर आणून दिली होती, सजवायला उपयोगी पडेल म्हणून. ती मी बडग्याच्या खांद्यांवर लावली.

काम झाल्यावर सगळे पाहायला जमले. एकेकानं मान तिरपी करून पाहिलं. मग धड बांधणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, "ताई, हे कोणत्या बाजूनं पाहाचं होय?"

मासिकातल्या त्या चित्राखाली इंग्रजीत लांबलचक काहीतरी लिहिलं होतं, पण ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. बाबा दारातून म्हणाले, "दोन्ही बाजूंनी पाहा. साठेबाजाला एका बाजूनं पाहिलं तर तो सज्जन दिसतो."

हे सगळ्यांना पटलं. बँडमास्तरांनीही मान हलवली. त्यांचं समाधान एवढंच होतं की चेहरा रेशनवाल्यासारखा नाही.

मिरवणुकीच्या त्या गर्दीत मुलींनी जायचं नसे. मी आणि आई मावशीच्या घरी गेलो, तिची गॅलरी मिरवणुकीच्या रस्त्यावर होती. खाली माणसांची डोकीच डोकी दिसत होती. एकेक बडग्या येत होता आणि लोक ओरडत होते, "रोगराईले घेऊन जा गे मारबत, महागाईले घेऊन जा गे मारबत." एका गल्लीनं नळाचा बडग्या केला होता, त्याला पाण्याऐवजी वाळलेलं गवत फुटलं होतं. एका बडग्याचं पोट एवढं मोठं होतं की कोपऱ्यावर वळवताना ते एका पानठेल्यात शिरलं.

मग आमचा आला.

मी बँड आधी ऐकला. बँडमास्तरांचं क्लॅरिनेट मी रोज सकाळी उशी कानावर दाबून ऐकत आले होते आणि माझ्या मते तो आवाज म्हणजे दूध करपल्याचा वास होता. त्यांच्या बँडला फक्त लग्नातली गाणी येत. त्यातलं एक मुलगी सासरी निघताना वाजवायचं, अगदी संथ. तेच त्यांनी साठेबाजासाठी लावलं होतं. एवढ्या आरडाओरड्यात, त्या निळ्या-पिवळ्या तोंडामागे, ते क्लॅरिनेट इतकं सरळ आणि स्वच्छ वर आलं की मी कठडा धरून उभीच राहिले. हा माणूस चांगलं वाजवतो, हे मला समोर राहून कळलं नव्हतं. शेजारी आई पदरानं डोळे पुसत होती.

"तू काय रडून राहिली?" मावशीनं विचारलं.

"मले माहीत आहे तो साठेबाज होय," आई म्हणाली. "पण वाजवून राहिले ना ते तसं."

गॅलरीखाली गर्दी थांबली. लोक आमच्या बडग्याकडे बोट दाखवू लागले आणि मला वाटलं, आता हसतील. ते हसलेही, पण ओळखून हसले. खालचा एक माणूस म्हणाला, "हा तर आमचा साहेब होय." शेजारच्या गॅलरीतल्या बाई आपल्या सुनेला सांगत होत्या की नाक सोडलं तर हुबेहूब त्यांचा मोठा जावई. आणि आमच्या गल्लीतली निम्मी माणसं एका सुरात रेशनवाल्याचं नाव घेत होती. ज्याचा चेहरा कोणासारखाच नव्हता त्याला सगळ्यांनी ओळखलं होतं. मला फार आनंद झाला, आणि लगेच आठवलं की बांबू रेशनवाल्याचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर क्लॅरिनेट वाजलं नाही. बँडमास्तर ओट्याऐवजी आमच्या दारात आले.

"माह्या कोटाची झालर त्याच्या खांद्यावर काहून लावली?"

"तुम्हीच दिली होती," मी म्हटलं.

"देल्ली होती. कमरेले लावाची ना. खांद्यावर लावली त माहे वाजवणारेच मले पाहून हसून राहिले. ढोलवाला म्हणते, मास्तर, तुमी पुढं बी चालून राहिले अन् मागं बी."

आईनं त्यांना चहा दिला. आई त्यांना म्हणाली की काल तुम्ही फार छान वाजवलं, मला रडू आलं. त्यावर ते झालर विसरले आणि ते गाणं कसं वाजवायचं असतं, श्वास कुठे घ्यायचा, हे अर्धा तास सांगत बसले.

संध्याकाळी रेशनवाला आला. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि मला न पाहता बाबांशी बोलू लागला.

"भाऊ, मी तुमच्या पोरीले काई म्हणत नाई. माहा एक डोळा जरासा तिरपा आहे, हे साऱ्या गल्लीले मालूम आहे. पण माहे दोन्ही डोळे एका बाजूले नाईत."

बाबांनी चष्मा लावून त्याला नीट पाहिलं. "नाहीत," ते म्हणाले.

"मग?"

"मग तो तुम्ही नाही."

"लोक म्हणून राहिले का मीच होय."

"लोकांचं काय घेऊन बसलात. लोकांना तुमच्याकडचे तांदूळही तांदूळ वाटतात."

तो चहा न घेता गेला. आई बाबांवर चिडली, कारण रेशनच्या रांगेत तिला उभं राहायचं होतं, बाबांना नाही. पण पुढच्या खेपेला आणलेल्या तांदळात खडे खरोखरच कमी निघाले. आई सूप हातात घेऊन चकित होऊन बसली होती. त्याच्या पुढच्या खेपेला खडे परत आले, जरा मोठे होऊन.

कॉलेजात आमच्या सरांनीही मिरवणूक पाहिली होती. पुढच्या तासाला त्यांनी कांदा बाजूला ठेवला आणि आम्हाला लोककलेवर व्याख्यान दिलं. म्हणाले, मिरवणुकीत मी एक बडग्या पाहिला, दोन्ही डोळे एका बाजूला. युरोपातल्या चित्रकारांनी ज्याच्यासाठी आयुष्य घालवलं ते आपल्या एका साध्या, अडाणी, अज्ञात कलावंतानं टोपलीवर करून दाखवलं. त्याला कोणी शिकवलं होतं? कोणी नाही. ते त्याच्या रक्तात होतं.

मी हात वर केला. "सर, तो मी केला."

महिन्यापूर्वीच त्यांनी माझ्या मडक्याच्या चित्रावर लाल पेन्सिलीनं 'तोल नाही' असं लिहिलं होतं.

"लोकांची कला आपल्या नावावर घेऊ नये," ते शांतपणे म्हणाले. "बसा खाली."

मी बसले. माझ्या मागची मैत्रीण इतकी हसत होती की तिचं बाक हलत होतं. मासिकाचं सांगावं असं माझ्या मनात आलं होतं, पण मग त्यांचं व्याख्यान वाया गेलं असतं, आणि आम्हाला परत कांदा काढावा लागला असता.

दिवाळीनंतर लग्नाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी बँडमास्तर पुन्हा आले. त्यांच्या मोठ्या ढोलाचे दोन्ही चामडी नवी बसवली होती आणि त्यावर रंगकाम हवं होतं. त्यांना मोर पाहिजे होता, पिसारा फुलवलेला, दोन्ही डोळे आपापल्या जागी. मी म्हटलं, एका बाजूला तुमचा मोर करते, दुसऱ्या बाजूला मला हवं ते करू द्या. त्यांनी विचार केला आणि हो म्हणाले.

मी एकीकडे कॅलेंडरवरचा असतो तसा मोर काढला. दुसरीकडे त्रिकोण आणि गोल घेऊन एक मोर केला, त्याची मान पोटातून निघत होती आणि पिसारा समोरून. मला तो फार आवडला. मास्तरांनी दोन्ही बाजू पाहिल्या, माझं कौतुक केलं, ढोलवाल्याला बोलावलं आणि माझी बाजू उजवीकडे येईल असा ढोल त्याच्या गळ्यात अडकवला. तो उजव्या हातानं वाजवायचा. मोठी टोलकाठी त्याच बाजूवर पडायची.

हंगाम संपेपर्यंत मास्तरांचा मोर जसाच्या तसा राहिला. माझ्या मोराचा पिसारा आधी गेला, मग मान गेली, आणि मधोमध एक पांढरा, खरबरीत गोल राहिला, कडेला थोडा निळा रंग. ढोल त्यांच्या ओट्यावर ठेवलेला असे, आणि सकाळी क्लॅरिनेट सुरू झालं की मी आता उशी न घेता खिडकीत येऊन उभी राहत असे. त्यांनी एकदा विचारलं, पुसून गेलं, पुन्हा काढून देते का. मी म्हटलं, नको, उरलेलं ढोलवाल्यानं वाजवून वाजवून काढलं, आता बरोबर झालंय. ते वाजवायला लागले.