घरगाडीच्या त्रुटी

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी तिच्या बापाशी भांडायची तयारी करून बसलो होतो. सकाळचे नऊ-साडेनऊ. अकोल्याला माझ्या ओसरीत थंडीतलं ऊन, पुढ्यात मेथीची जुडी, आणि डोक्यात वसंताला सांगायची एक नवी सबब. ती कशी मांडावी याची जुळवाजुळव चालू होती, तेवढ्यात फोनवर त्याच्या लेकीचं नाव आलं. पुण्याहून ती दोन दिवसांसाठी अमरावतीला आली आहे, हे मला ठाऊक होतं. "काका, बाबा राहिले नाहीत," ती म्हणाली. मी विचारलं, "गाडीत होता काय?" "गाडीच्या पायरीवर. चहा घेऊन बसले होते. मी बिस्किटं आणायला घरात गेले, तेवढ्यात..." ती पायरी त्याने माझ्यासाठी केली होती, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. मेथी तशीच पडून वाळली. चार दिवसांनी फेकली.

वसंत इंगळे हे नाव वाचकांना ठाऊक असायचं काही कारण नाही. तो आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक होता. मी तहसील कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून सुटलो. आमची गाठ पडली विशीत, अमरावतीतल्या एका पत्र्याच्या खोलीत. मी कॉलेजात, तो आयटीआयत शिकायला. मी शेतकऱ्याचा, माझ्या घरून ज्वारीचं पोतं यायचं. तो शेंदूरजनाघाटच्या बागांमध्ये मजुरी करणाऱ्या बापाचा, त्याच्या घरून हंगामात डागी संत्र्यांची पिशवी यायची. दोन खाटा, एक स्टोव्ह, आणि त्याचं घोरणं. घोरणं म्हणजे काय साधंसुधं नव्हे महाराज, खिळ्यावरचा आरसा हलायचा! मी त्याला चप्पल फेकून मारायचो. तो कूस बदलायचा आणि दुसऱ्या सुरात सुरू करायचा.

पुढे नोकऱ्या, लग्नं, बदल्या, सगळं झालं. माझी कमल गेली, आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या सुशीलावहिनी. त्या पावसाळ्यात त्याने मला धामणगाव रेल्वेला एक गाडी बघायला नेलं. तिथल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने हौसेखातर छोटी मिनीबस घेऊन तिला आतून घर करवून घेतलं होतं. समोरासमोर दोन पलंग, हातभर ओटा, पाण्याची टाकी, कपाटं. दोन तीर्थयात्रांत हौस फिटली आणि गाडी गोडाऊनच्या मागे उभी राहिली ती चार वर्षं. उंदरांनी गाद्यांत बाळंतपणं केली होती, वायरी कुरतडल्या होत्या, तळाचा पत्रा सडून खालची माती दिसत होती. मी म्हणालो, "वसंता, हे भंगारवाल्याले दे अन् घरी चाल." तो ऐकतो कशाला! सोबत आणलेली बॅटरी लावून, डिझेलची नळी साफ करून, दुपारपर्यंत त्याने इंजिन सुरू केलं. मग लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिला. "काळीज चांगलं हाये बे हिचं," म्हणाला. "बाकी तं पत्राच हाये, पत्रा बदलता येते."

गाडी विकत घेऊन त्याने अमरावतीला आपल्या अंगणात लावली. प्रज्ञा तिला मोटरहोम म्हणायची, गल्लीतली पोरं डब्बा म्हणायची. वसंता म्हणायचा घरगाडी. "एवढं धूड घेऊन जाशीन कुठी?" मी विचारलं. मला वाटलं काश्मीर म्हणेल, रामेश्वरम म्हणेल. तो म्हणाला, "शेंदूरजन्याले." मोर्शी, वरूड करत फार तर शंभर किलोमीटर! मी हसलो. तो हसला नाही. "लहानपणी आमी बागेतच राहत होतो, राखणीले. झोपडीले दारच नव्हतं. संत्र्याचा आंब्या बहार फुटला का फुलांचा वास सरळ अंगावर. माय म्हणे, दार असतं तं लावून घेतलं असतं, डोकं दुखते या वासानं... मले एकदा सोताचं दार घेऊन तिथं जाचं हाये. अन् ते दार उघडं ठेवून झोपाचं हाये. एका दोस्ताची बाग हाये, त्याले विचारून ठेवलं. तू चाल संगं." मी हो म्हणालो. हे नीट नोंदवून ठेवतो, कारण पुढची पाच वर्षं मी जे केलं ते पाहून कोणाला खरं वाटणार नाही. मी हो म्हणालो होतो.

माझा जन्म लोकांच्या अर्जांत त्रुटी काढण्यात गेला. आमच्यात 'नाही' म्हणायचं नसतं. सातबारा जोडला नाही, तिकीट चिकटवलं नाही, सही भलतीकडे आली... त्रुटी पूर्ण करून आणा, एवढंच म्हणायचं. माणूस आपोआप महिनाभर लांब जातो. पहिल्या जानेवारीत वसंताने फोन केला, बहार फुटतो आहे, चल. मी अमरावतीला गेलो, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणालो, "छत गळते लेका. अवकाळी आला तं?" त्याने ड्रायव्हरच्या सीटमागे टांगलेली कार्डांची क्लिप काढली. आयटीआयतली त्याची जुनी सवय ती, प्रत्येक गाडीचं जॉबकार्ड. तक्रार, तक्रारदार, उपाय, आणि शेवटी तक्रारदाराची सही. सही झाल्याशिवाय गाडी गेटाबाहेर जाणार नाही, हा त्याच्या वर्कशॉपचा नियम. त्याने गंभीरपणे लिहिलं, 'छत गळते. दिगंबर.' मला वाटलं, थट्टा करतो आहे.

छत खोलून, सांधे खरवडून त्याने नवी शीट बसवली. आतून थर्माकोलचा थर दिला, म्हणजे उन्हाळ्यातही टाळकं तापायला नको. मग मी म्हणालो, गुडघे दुखतात, चढवत नाही. त्याने दुमडणारी लोखंडी पायरी केली आणि दाराशी हाताला धरायला दांडा. मी म्हणालो, पंख्याशिवाय मला झोप नाही. त्याने टपावर सोलर लावलं, पलंगाखाली वेगळी बॅटरी ठेवली, दोन्ही पलंगांच्या डोक्याशी छोटे पंखे. मी म्हणालो, मला रात्री तीनदा उठावं लागतं. त्याने मागचं कपाट तोडून तिथे बंद होणारा संडास बसवला. त्या दिवशी मी त्याला म्हणालोही, "तुले दुसरे धंदे नाईत काय बे?" तो गाडीखाली होता, फक्त पाय दिसत होते. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलून राहिला होता. जुन्या पाट्यांवर गाडी उसळायची आणि माझ्या कमरेला ते चालणार नाही, असं मीच बोललो होतो.

गाडीचं पासिंग संपलं तेव्हा तर मला आनंदच झाला. कागद म्हणजे माझं राज्य. म्हटलं, दोन वर्षं तरी लागतील. पण त्याने फाइल माझ्याच हातात दिली, आणि कागद समोर आला की मला चुकीचं काम करताच येत नाही हो! दीड महिन्यात पासिंग करून दिलं मी. स्वतःच्याच पायावर धोंडा.

एकदाच तो चिडला. चौथ्या जानेवारीत मी पाण्याच्या पंपाच्या आवाजाची त्रुटी काढली तेव्हा. हातातला पाना त्याने ओट्यावर आपटला. "दिग्या, तुले यायचंच नसन तं तसं सांग. काहून असा छळून राहिला मले?" मी म्हणालो, "कोण म्हणते यायचं नाही? पंप आवाज करते, तं करते म्हणू नये काय?" मग त्याने क्लिप घेतली, काहीतरी लिहिलं आणि चहा टाकला.

खरं कारण त्याला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नव्हतं, आता सांगतो. मला जायची भीती नव्हती, परत येण्याची होती. कमल गेल्यावर एकदा लग्नाला गेलो, दोन दिवसांनी परत आलो. कुलूप उघडलं, आणि आत बंद घराचा वास. कोणी विचारलं नाही, जेवून आलात का? कोणी म्हटलं नाही, पाय धुऊन या. मी चप्पल घालूनच उभा राहिलो, किती वेळ ते माहीत नाही. त्या दिवसापासून घराला कुलूप घालून एक रात्रही बाहेर राहिलो नाही. सत्तरीचा माणूस कुलपाला भितो, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? त्यापेक्षा छत गळतं हे बरं.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. गाडीत आता खरंच काही उरलं नव्हतं. तो एकेक बटण दाबून दाखवत होता. दिवा, पंखा, पंप, आवाज न करणारा. आपल्या घरात नसतील इतक्या सोयी. मग माझ्या पलंगावर बसून म्हणाला, "सांग आता." मी सगळीकडे पाहिलं. काही सापडेना. शेवटी म्हणालो, "तू घोरतो." तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "पन्नास वर्षांनी तक्रार करून राहिला काय बे?" म्हणाला. पाठीवर थाप मारून त्याने मला बसस्टँडवर सोडलं. बस निघाली तेव्हा खालून ओरडला, "जानेवारीत सही करजो!"

वसंताच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक आले, वंदना झाली, जेवणं झाली. लोक पांगल्यावर मी अंगणात गाडीपाशी गेलो. दांडा धरला, तो बरोबर माझ्या हाताच्या उंचीला. आत दोन पलंगांच्या मध्ये एक नवीच वस्तू दिसली. कापूस भरून टाचलेला जाड पडदा, गादीसारखा, वर कड्यांवर सरकणारा. प्रज्ञा मागून आली. म्हणाली, "मोर्शीहून कापूस पिंजून आणला होता बाबांनी. महिनाभर हेच चालू होतं त्यांचं." मी क्लिप काढली. बावीस कार्डं. प्रत्येकावर तक्रारदार एकच, मी. शेवटचं होतं, 'तक्रार: गाडीचा मालक घोरतो. उपाय: कापसाचा पडदा. तरीही घोरल्यास चप्पल फेकावी.' त्याच्या बरंच आधी, ज्या दिवशी तो चिडला होता त्या दिवसाचं कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं, 'तक्रार: तक्रारदार खरी तक्रार सांगत नाही. उपाय: गाडी तयार ठेवणे.'

मी तिथेच बसून रडलो. प्रज्ञाने रडू दिलं. मी सबबी सांगत होतो आणि हा गडी एकेक दुरुस्त करत होता. कचेरीत मी ज्यांना त्रुटी पूर्ण करून आणा म्हणालो, त्यातले कितीतरी परत आले नाहीत. हा दरवेळी आला. आणि मी त्याला पाच बहार परत पाठवलं.

"गाडी मी पुण्याला नेऊन काय करू, काका?" प्रज्ञा म्हणाली. "विकावीच लागेल." मी म्हणालो, "विकजो. पण आधी पेन दे." बावीसच्या बावीस कार्डांवर सह्या केल्या. खऱ्या तक्रारीच्या कार्डावर आधी लिहिलं, 'घराचं कुलूप', मग सही केली. घोरण्याच्या कार्डावर जरा थांबलो, पण केली.

जानेवारी संपता संपता प्रज्ञा रजा घेऊन आली. मी अकोल्याच्या घराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि अमरावतीची बस धरली. पोरगी गाडी बापासारखीच चालवते, गिअर टाकताना शिव्या देत नाही एवढाच फरक. मोर्शी गेलं, वरूड गेलं. एक खडखड नाही, एक थेंब गळला नाही. माझी कंबरसुद्धा दुखली नाही, याचा मला राग आला.

वसंताच्या दोस्ताने बागेच्या कडेला जागा साफ करून ठेवली होती. झाडं पांढऱ्या फुलांनी भरलेली, मधमाश्यांचा आवाज, आणि तो वास... त्याची माय म्हणायची ते खरं असावं, डोकं जड होतं. मुक्काम करायचाच होता. दुपारी जेवण झाल्यावर प्रज्ञा त्या दोस्तासोबत जुन्या झोपडीची जागा बघायला गेली. मी पायरी चढलो, दार उघडंच ठेवलं आणि माझ्या पलंगावर आडवा झालो. समोरच्या पलंगावर त्याची चादर घडी करून ठेवलेली. मधला पडदा मी सरकवून बांधून टाकला. पंखा हळू चालत होता, बॅटरी भरलेली होती, पंप गप्प होता. एकही त्रुटी नव्हती. मी कूस बदलली, पुन्हा बदलली. तासभर तसाच पडून होतो.

मग उठलो, सीटमागची क्लिप घेतली आणि एक कोरं कार्ड काढलं. तक्रारदार म्हणून माझं नाव लिहिलं. तक्रारीपुढे लिहिलं, 'गाडीत फार शांत आहे. झोप येत नाही.' उपायाची जागा मोकळी सोडली आणि कार्ड क्लिपेला लावून ठेवलं.