भाऊजींचा समतोल

आमच्या धाकट्या भाऊजींइतका हुशार आणि त्यांच्याइतका बिनडोक माणूस अख्ख्या नेदरलँड्समध्ये दुसरा सापडणार नाही. बॅटरीच्या आत धातू आणि द्रव जिथे एकमेकांना भिडतात तिथे काय घडतं, ते हे गृहस्थ कॉम्प्युटरवर एकेक अणू मांडून बघतात. डोळ्याची पापणी लवायच्या आत हजारदा होऊन जाईल अशा घडामोडीसाठी मशीन आठवडेच्या आठवडे चालतं, त्याला हे 'रन' म्हणतात, आणि तोवर घरातली कामं तुंबतात. "रन संपू दे, मग बघू," हे उत्तर दूध आणण्यापासून सख्ख्या मेहुणीच्या लग्नापर्यंत सगळ्याला लागू. मी पुऱ्या तळत असले की कढईवर वाकून म्हणणार, "वहिनी, मधे काही होत नसतं. जे काय होतं ते कडेला." पुरी करपली तरी यांची नजर कडेलाच.

भाऊजी राहतात त्या आल्मेरेत थंडी पडली की त्यांच्या इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी वर घरात यायची आणि शालीत गुंडाळून हिटरपाशी बसायची. शाल माझ्या जावेची, लग्नातली. ती बिचारी दोन स्वेटर घालून हिटर वाढवायला गेली की "बॅटरीला एवढं गरम सोसत नाही," म्हणून हे कमी करायचे. आम्ही हसायचो. सुरुवातीला तीही हसायची.

जाऊ पुण्यात आर्किटेक्ट होती. यांच्यामागे इथे आली, खपून डच शिकली आणि पार देशाच्या दक्षिण टोकाला, मास्ट्रिख्टला नोकरी मिळवली. तिचं मागणं एवढंच होतं की दोघांनी मधे युट्रेख्टकडे घर घ्यावं, नाहीतर ती एकटी तिकडे राहायला जाईल. घर बघायला निघायचं ठरलं की नेमका यांचा रन कोसळायचा. ती भांडली, रडली, मग गप्प झाली. आणि भाऊजींचा मला खुशीत फोन!

"वहिनी, महिनाभर एकही भांडण नाही. सिस्टीम समतोलाला आली."

"अहो, बायको आहे ती!"

"तेच तर म्हणतोय. ग्राफ एकदम सपाट. आता काळजी नाही."

सपाट रेघेवर विश्वास ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांना हेच गृहस्थ फाडून खायचे. सावकाश होणारी गोष्ट छोट्या रनमध्ये दिसतच नाही, हे त्यांनी आम्हालासुद्धा जेवताना दहादा ऐकवलं होतं. पुढच्याच आठवड्यात दोन बॅगा घेऊन ती निघून गेली.

एप्रिलमध्ये एकदाचा रन संपला. एकट्यानं जायची हिंमत नव्हती, म्हणून भाऊजी मला घेऊन मास्ट्रिख्टला निघाले. गाडीत सारखं एकच, "येईल ना हो ती परत?" मला भयंकर संताप आला होता.

तिनं हसून दार उघडलं, बसायला सांगितलं, चहा टाकला. माझा बिनसाखरेचा कप न विचारता माझ्या हातात दिला. मग भाऊजींकडे वळून, पाहुण्याला विचारतात तितक्याच आपुलकीनं म्हणाली, "तुला साखर किती घालू?"

शेवटी मलाच राहवलं नाही. म्हटलं, "दीड चमचा घाल गं त्यांना."