वर न आलेला दगड

"ह्या चेडवाक दगडाचो भंय दिसता. दगड हेका काय सांगतलो?"

शेडमागे मेस्त ट्रक ड्रायव्हरला सांगत होते आणि पत्र्याच्या अलीकडे मी ओले हात घेऊन उभी होते. भूशास्त्रज्ञ म्हणून नोकरीचा तिसरा दिवस. या मुलीला दगडाची भीती वाटते, एवढं मला नीट कळलं. राग आला, तो मी गिळला.

गोव्यात डिचोलीबाहेरच्या एका बंद खाणीची ती शेड आमच्या प्रकल्पाने भाड्याने घेतली होती. घाटाच्या पायथ्याशी खोल ड्रिल मारून काढलेले दगडाचे दांडे, म्हणजे कोअर, तिथं येत. कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड खालच्या सच्छिद्र खडकात कोंडता येईल का, हे आम्ही तपासत होतो. वरचा घट्ट काळा खडक हे त्याचं झाकण. झाकणाला भेग असली तर वायू वर येणार, आणि वर वाड्या होत्या, विहिरी होत्या.

मेस्त जवळच्या सर्वण गावचे. खाणीवर सुतार होते, म्हणून मेस्त. कोअरच्या लांबट लाकडी पेट्या तेच करत आणि त्यात दगडही तेच मांडत. दुसऱ्या कुणी हात लावला की अंगावर येत. मला ते आवडत नसत. चहात उंडो पाव बुडवता बुडवता ते माझ्या नखांकडे बघत आणि म्हणत, "इंग्लिश शाळेत हात मळवूक शिकवनत नाय?" ड्रायव्हर हसायचा. मी खाली बघून वहीत रिपोर्टसाठी खोली लिहीत राहायची.

माझ्याकडे भिंग होतं, त्यांच्याकडे पाण्याचा तांब्या. कोअरवर पाणी ओतायचं आणि गप्प बसायचं. दगड सुकत जाई, आणि कुठं तरी केसाएवढी एक रेघ ओलीच राही. "रडता तो बघ," ते म्हणत. तीच भेग. माझ्या भिंगाला ती दिसलेली नसे. हे त्यांनी मला शिकवलं असं म्हणवत नाही, कारण मी जवळ गेले की ते पाठ करून बसत. मी पाठीमागून बघून शिकले. आजही कोअर धुतला की सुकेपर्यंत मी तिथून हलत नाही.

जिथं दगड वर आलाच नाही, ड्रिलमध्येच चुरा होऊन पाण्याबरोबर वाहून गेला, तिथं ते तेवढ्याच लांबीचा फणसाच्या लाकडाचा ठोकळा बसवत. एकदा मी विचारलं, एवढा मोठा ठोकळा कशाला, खूण पुरेल की. ते उखडले. "मोडको दगड वयर येना गो. वयर येता तो घटच. तुझ्या लॅबात जाता तो घटच. मगे तुमी लिवतास, दगड घट!" त्या दिवशी मला त्यांचा सगळ्यात जास्त राग आला, कारण कॉलेजात हे मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

चौदाव्या पेटीत, ऐन झाकणाच्या खडकात, दीड हाताचा ठोकळा होता. पैसे घालणाऱ्या कंपनीची माणसं येणार म्हणून आमचे प्रकल्पप्रमुख सर पेट्यांचे फोटो काढायला आले. "ड्रिलरच्या चुकीने गेलाय तो तुकडा. फोटोत लाकूड कशाला? सरकव," ते मला म्हणाले. सरांना नाही म्हणणं मला जमलं नाही. मी ठोकळा काढला आणि दोन्हीकडचे दगड जवळ आणले. छान जुळले ते.

सकाळी ठोकळा जागेवर होता. सरांनी तो उचलून बाहेर फेकला. मेस्तांनी तो आणून, पुसून, पुन्हा बसवला. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

"पेटी माझी," मेस्त म्हणाले.

"पेटी कंपनीची."

मी तिथंच होते, पेनचं टोपण लावत. मेस्तांनी पटाशी, करवत गोणपाटात गुंडाळली आणि स्कूटरला बांधली. मी फाटकापर्यंत गेले.

"त्या रिपोर्टार सही कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"मगे बरा," असं म्हणून त्यांनी किक मारली. वळूनही बघितलं नाही. ते मला परत भेटले नाहीत.

सरांनी मला दगड पुन्हा सरकवायला लावले. मी सरकवले. दोन दिवसांनी पाहुणे आले. पेट्यांच्या रांगेवरून चालत त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, हे झाकण मध्ये कुठं तुटलंय का? "एकसंध आहे," सर म्हणाले, "फोटो बघा ना." बाईंनी फोटो बघितले आणि मान डोलावली. सगळे पुढच्या पेटीकडे वळले. मी सगळ्यांच्या मागे होते. माझा आवाज मलाच चिरका वाटला.

"चौदाव्या पेटीतले दगड मी सरकवून जवळ आणले आहेत. मधला दीड हात दगड वर आलेलाच नाही, आणि तो का आला नाही, ते आम्हाला माहीत नाही."